मागचा खांब

डोंबिवली (पूर्व)
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्नू,

गेले बत्तीस दिवस माझ्यावर जो अन्याय होतो आहे त्याची दाद कुठे मागावी हे न कळल्यामुळे तुला लिहिते आहे. आमच्या 'शुभंकर'च्या तळमजल्यावर, बरोबर माझ्या स्कूटीच्या जागेवर, लोखंडी टेकू उभे केलेले आहेत. एकूण अकरा. पार्किंगच्या यादीत माझं नाव आहे, टेकूंचं कुठेही नाही. ही यादी सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मीच केलेली आहे. तरी टेकू आत सावलीत आणि स्कूटी बाहेर शेवग्याखाली. रोज सकाळी सीटवर शेवग्याची फुलं, कावळ्यांचे अभिप्राय आणि कुठल्यातरी योगवर्गाचं पत्रक. परवा मी सीट पुसत असताना आमचे चेअरमन प्रभाकरकाका वरून म्हणाले, "स्वच्छता मोहीम का?" मी जे उत्तर दिलं त्यानंतर ते गॅलरीत आलेले नाहीत.

टेकू कशाला, तर इमारत सदतीस वर्षांची. दोन खांब आजारी निघाले, एक पुढचा, फाटकाजवळचा, आणि एक मागचा, मीटररूमला लागून. आतल्या सळ्या गंजून फुगल्या आणि त्यांनी काँक्रीट फोडलं. आमची सल्लागार इंजिनियर अंतरा जोग म्हणाली, पाडायची गरज नाही, पॉलिमरच्या मालाने खांब भरून निघतील. मार्चअखेर इमारत सुरक्षित असल्याचा तिचा दाखला पालिकेत द्यायचा, नाहीतर सोळा बिऱ्हाडांनी घरं रिकामी करायची, अशी नोटीस आहे.

खांब जानेवारीत फोडून झाले. पण फोडण्याचा शुभारंभ कोणी करत नाही, भरण्याचा करतात. तो आम्ही एक तारखेला, माघी गणपतीच्या मुहूर्तावर केला. पाहुणा विनीत सामंत. आठवतो ना, आमच्या दुसऱ्या मजल्यावर लहानाचा मोठा झालेला? आता घोडबंदर रोडला एकतिसाव्या मजल्यावर राहतो. त्याने येऊन आमच्या चार मजली इमारतीच्या पायाशी नारळ फोडला. सगळं छान झालं. टेकू १ मार्चला निघणार आणि माझी जागा मला परत मिळणार.

आता एक किरकोळ शंका. कल्याणला माझ्या एका मैत्रिणीच्या सोसायटीत असंच काम चाललंय. जुन्या काँक्रीटवर आधी एक चिकट कोट लावतात आणि वर तो पॉलिमरचा माल थापतात, बरोबर? तो कोट समजा मधल्या वेळात वाळला आणि मग माल लावला, तर काही होतं का? तू कोलशेतच्या त्या रसायनांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत हेच डबे तपासलेस, म्हणून विचारते.

फोनवर विचारलं असतं, पण माझा फोन ही सोसायटीची सामायिक मालमत्ता आहे. 'पिलर' एवढा शब्द टाइप केला तरी पंधरा मिनिटांत त्याचा स्क्रीनशॉट फिरतो आणि दुपारपर्यंत एक भाडेकरू घर सोडतो. म्हणून कागद.

भावनावहिनीला नमस्कार.

तुझी
रसिका


कोलशेत, ठाणे
१५ फेब्रुवारी

प्रिय रसिका,

तुझं पत्र मिळालं. स्कूटीबद्दल माझ्याकडे उपाय नाही. कोटाबद्दल आहे.

मैत्रिणीला सांग की होतं. फार होतं.

जुनं काँक्रीट आणि नवा माल आपणहून एकमेकांना धरत नाहीत. म्हणून मधे इपॉक्सीचा कोट. दोन डबे असतात, एकात राळ, दुसऱ्यात ती घट्ट करणारं द्रव्य. दोन्ही मिसळली की घड्याळ सुरू होतं. काही वेळ कोट गोंदासारखा चिकट असतो. त्या वेळात वर माल लावला तर माल त्याच्यात रुततो आणि जुनं, मधलं आणि नवं असं तिन्ही मिळून घट्ट होतं. मग ते ओढून काढायला गेलीस तर जुनं काँक्रीट तुटेल, जोड सुटणार नाही. पॉलिमरचं सगळं कौतुक आहे ते याचं.

वेळ टळली की तोच कोट काचेसारखा होतो. काचेवर कणीक थापलीस तर ती राहील, पण धरणार नाही. फक्त खांबाची कणीक दिसायला फार सुरेख असते. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही असे नमुने मुद्दाम बनवायचो आणि नव्या मुलांना ओळखायला द्यायचो. डोळ्यांनी कोणालाही ओळखता आले नाहीत.

कोट वाळलाच तर उपाय साधा आहे. तारेच्या ब्रशने खरवडायचा आणि नवा कोट मारून लगेच माल लावायचा. अर्ध्या तासाचं काम. पण ते त्याच दिवशी, माल लावण्याआधी.

आता माल लागून वाळला असेल तर मैत्रिणीने छोटी हातोडी घेऊन खांबावर हलके ठोके द्यावेत. भरीव जागी टणक आवाज येतो. सुटलेल्या जागी रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा येतो. कानाला शिकवावं लागत नाही.

कुठला डबा होता आणि मधे किती वेळ गेला, तेवढं विचार. भावना बरी आहे. माझा गुडघा नाही.

तुझा
रत्नदीप


डोंबिवली
१८ फेब्रुवारी

प्रिय रत्नू,

मैत्रीण वगैरे कोणी नाही. तुला हे पहिल्या ओळीतच कळलं असणार. नसेल कळलं तर तू सव्वीस वर्षं डबेच तपासलेस हे सिद्ध झालं.

काल दुपारी अडीच वाजता, म्हणजे आमच्या इमारतीत फक्त पंखे जागे असतात त्या वेळी, मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन खाली गेले. घरात हातोडी सापडली नाही. पुढच्या खांबावर गुडघ्याच्या उंचीला ठोका दिला. मग कमरेच्या, मग खांद्याच्या. रत्नू, तू डब्याचा आवाज म्हणालास. मला तर आत कोणीतरी राहत असल्यासारखं वाटलं. शेजारच्या, न फोडलेल्या खांबावर मारला तर बत्ता हातात झिणझिणला. परत याच्यावर मारला, परत तोच आवाज. मी तिथल्या टेकूला हात लावून बराच वेळ उभी राहिले. ज्यांना महिनाभर शिव्या घातल्या त्यांना.

त्या खांबावर चार स्वयंपाकघरं एकावर एक आहेत. पहिल्या मजल्यावर मंदाकिनीबाई रोज चाळीस डब्यांच्या पोळ्या लाटतात. त्यांच्या पोळपाटाचा आवाज खांबातून खाली येतो हे मला काल पहिल्यांदा कळलं.

झालं असं, की मिस्त्रीने सकाळी कोट लावून ठेवला आणि मग वेळ गेला. पाचेक तास. त्यानंतर माल लावला. वरून रंगाचा हातही मारून झालाय आणि सगळे येता-जाता खांबाकडे नव्या जावयासारखं बघतात.

१ मार्चला टेकू काढणार आहेत. अंतराने तोवर दाखल्याचा मसुदा करून ठेवलाय. मी काय करू? तू येऊन बघशील का? कोणाला न सांगता?

रसिका


कोलशेत
२० फेब्रुवारी

प्रिय रसिका,

मी येत नाही. गुडघा हे एक कारण, आणि मी येऊन गुपचूप ऐकून गेलो तर त्याचा कोणाला काय उपयोग, हे दुसरं.

तुझं पत्र वाचून मी ताटावरून उठलो. भावनाने विचारलं, कोण गेलं. पाच तास कोट उघडा ठेवणारा मिस्त्री म्हणजे त्या कामावर पहिल्यांदा आलेला माणूस किंवा पूर्ण बेफिकीर माणूस. डब्यावर वेळ छापलेली असते. ती त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवणं ठेकेदाराचं काम. अशा माणसांमुळेच लोक म्हणतात की पॉलिमर-बिलिमर सगळं थोतांड, जुनं सिमेंट बरं.

अंतरा जोगला मी ओळखतो. ती शिकत असताना आमच्याकडे दोन महिने नमुने तोडायला होती. मी तिला काल फोन केला. तुझं नाव घेतलं नाही. एवढंच सांगितलं की शुभंकरच्या खांबावर मिस्त्रीने हलगर्जीपणा केल्याचं खात्रीलायकपणे कळलंय, ओढून तपास. ती सोमवारी यंत्र घेऊन येते आहे. तिने ठेकेदारालाही झापलं असं तिच्या बोलण्यावरून वाटलं.

तुला विचारून करायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तू काहीतरी मजेशीर बोलून मला थांबवलं असतंस.

रत्नदीप


डोंबिवली
२५ फेब्रुवारी

रत्नू,

अंतरा काल आलेली. कमिटीचे सगळे खाली उतरले, प्रभाकरकाका तर इस्त्रीचा शर्ट घालून. तिने पुढच्या खांबावर एक गोल लोखंडी चकती चिकटवून ठेवली होती, ती यंत्राला अडकवून ओढायला लागली. म्हणाली, नीट लागला असेल तर बराच जोर लागेल. जोर लागलाच नाही. चकती मालाचा तुकडा घेऊन अशी सुटून आली की तिचाच तोल गेला. तिने तुकडा उलटा करून आम्हाला दाखवला. मागची बाजू गुळगुळीत होती आणि तिच्यात फाटकातला उजेड दिसत होता.

मग ठेकेदार बोलला. म्हणाला, चूक मिस्त्रीची आहे, दौलतची, त्याला मी शुक्रवारीच कामावरून काढलाय. आणि रत्नू, तुला सांगते, सगळ्यांचे चेहरे उजळले. दोषी माणूस सापडला, आणि तो सोसायटीत राहत नाही. यापेक्षा सोयीचा दोषी कुठून आणायचा? प्रभाकरकाका म्हणाले, हल्ली कामाची निष्ठाच राहिलेली नाही. दोघांनी माना हलवल्या. मीही हलवली.

ठेकेदाराने रजिस्टर काढून दाखवलं. एक तारखेला, शनिवारी, पुढचा खांब, मागचा सोमवारी. म्हणजे गडबड पुढच्या एकातच आहे, मागचा नीट झालाय, तो तपासायची गरज नाही. पुढचा स्वखर्चाने पुन्हा करून देतो, मागचे टेकू ठरल्याप्रमाणे शनिवारी दहाला काढतो. अंतराने रजिस्टर बघितलं, मागच्या खांबाकडे बघितलं आणि बरं म्हणाली.

मी तुला लिहिलं होतं, 'मिस्त्रीने सकाळी कोट लावून ठेवला आणि मग वेळ गेला.' वाक्य खोटं नाही. वेळ कोणी घालवला तेवढंच त्यात नाही. ते आता लिहिते.

एक तारखेला दौलत मिस्त्री सातला आला. पाहुणा साडेनऊला येणार, तेव्हा काम जोरात चाललेलं दिसलं पाहिजे, असं मीच सांगितलेलं. त्याने साडेआठला मागच्या खांबाला कोट लावला, नऊला पुढच्याला. साडेनऊ झाले. विनीतचा मेसेज आला, घोडबंदरला अडकलोय. दहा वाजता दौलत माझ्याकडे आला. मी खुर्च्यांवर चादरी घालत होते. म्हणाला, "ताई, ह्यो कोट चिकट हाय तवरच माल बसतो. मी लावतो, पावनं आल्यावर वरचा हात फिरवतील." तीस माणसं बसलेली. मी म्हटलं, "मिस्त्री, मुहूर्त पंचांगात बघतात, डब्यावर नाही."

सगळे हसले. प्रभाकरकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला बरं वाटलं. हे वाक्य पुढे दोनदा सांगूनही झालं.

विनीत पावणेदोनला आला. नारळ फुटला. मग दौलत परत आला, या वेळी हळू आवाजात. घासून अजून एक कोट मारतो म्हणाला, अर्धा तास द्या. तू लिहिलंस तोच अर्धा तास, रत्नू. मी म्हटलं, पाहुण्यांना परत ठाण्याला जायचंय, लावा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि थापी विनीतच्या हातात दिली. फोटो आहे. विनीत छान आलाय.

तर हा तुझा बेफिकीर मिस्त्री.

काल मी सभेत हे बोलले नाही. बोलणार होते. वाक्य तयार होतं, पण ते हसवणारं नव्हतं, आणि माझ्याकडून दुसऱ्या प्रकारचं वाक्य कोणाला अपेक्षित नसतं. निदान खांब तरी पुन्हा होतोय. दौलतला मी नंतर कुठेतरी काम बघून देईन. तू काही सांगू नकोस, मला कळतंय सगळं.

रसिका


कोलशेत
२७ फेब्रुवारी

रसिका,

हे पत्र भावनाच्या हाती पाठवतो आहे. ती उद्या डोंबिवलीला बहिणीकडे येते आहे. पोस्टावर विसंबायला वेळ नाही. फोन करत नाही, कारण फोनवर तू हसवशील आणि मी हसेन. कागद तुला एकटीला वाचावा लागेल.

तू माझ्या तोंडून एका माणसाला हलगर्जी म्हणवून घेतलंस. त्याची नोकरी माझ्या फोनने गेली. त्याबद्दल नंतर बोलू. मी चिडलेलो आहे, ते राहू दे बाजूला.

तुझ्या पत्रात दोन वाक्यं आहेत, मधे अर्ध्या पानाचं अंतर आहे. एक, ठेकेदाराचं. मागचा खांब सोमवारी झाला, म्हणून तो नीट आहे. दुसरं, तुझं स्वतःचं. दौलतने 'साडेआठला मागच्या खांबाला कोट लावला, नऊला पुढच्याला.' ही दोन वाक्यं शेजारी ठेव आणि वाच.

मागचा खांब सोमवारचा नाही. त्याच सकाळचा आहे. त्याचा कोट पुढच्यापेक्षा अर्धा तास जास्त उघडा होता. एका दिवसात दोन खांब केले म्हटल्यावर अंतराने घाईबद्दल विचारलं असतं, म्हणून रजिस्टरमधे दिवस वाटून लिहिले असतील. असं करतात. मी पाहिलेलं आहे.

तो खांब पोकळ आहे असं मी ठामपणे म्हणत नाही, तिथे ठोका कोणी दिलेला नाही. तूही नाही. का नाही दिलास, ते तुला विचारत नाही. पण तो कधी आणि कसा भरला हे माहीत असलेली माणसं तीन. एकाला काढून टाकलंय. ठेकेदार बोलणार नाही. खुर्च्यांवर बसलेल्या तीस जणांना नारळ आठवतोय. उरलीस तू.

शनिवारी दहाला त्याच्याजवळचे टेकू काढतील. काढल्यावर लगेच काही होईलच असं नाही. कदाचित सहा महिने काही होणार नाही. ते जास्त वाईट.

शनिवारी सकाळी साडेनऊपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी अंतराला फोन करेन. या वेळी नाव घेऊन.

रत्नदीप


डोंबिवली
१ मार्च, दुपार

रत्नू, सांगितलं. टेकू जागेवर आहेत. एक सैल केला होता तो परत आवळला. फोन केला नाहीस याबद्दल आभार, की केलास? बाकी सविस्तर नंतर. आत्ता कल्याणला निघाले आहे.

र.


डोंबिवली
९ मार्च

प्रिय रत्नू,

तुझं पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. भावनावहिनीने चहाही घेतला नाही. म्हणाली, हे म्हणालेत, देऊन लगेच निघ. मी तुझी ती दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचली. खरं सांगते, मी ती लिहिली तेव्हाच मला दिसली होती. म्हणूनच मधे एवढं अर्धं पान घातलं असावं.

बत्ता घेऊन मागे गेले. गुडघ्यापाशी आवाज टणक आला आणि मला इतका आनंद झाला की परत फिरणार होते. मग छातीच्या उंचीवर मारला. तिथून वर सगळा खांब बोलला.

शनिवारी दहा म्हणाले होते, पण ठेकेदाराची माणसं साडेआठलाच आली. मी खाली पोचले तेव्हा एक जण मागच्या टेकूचा स्क्रू फिरवत होता. मी थांबा म्हटलं. तो थांबेना, शेठ सांगतील म्हणाला. शेवटी मी त्या टेकूला धरून उभी राहिले. बावन्न वर्षांची बाई, अंगात घरचा गाऊन, एका लोखंडी नळीला मिठी मारून. पाच मिनिटांत अख्खी सोसायटी गॅलरीत. आमच्याकडे जनरल बॉडीला कोरम होत नाही, इथे झाला.

प्रभाकरकाका खाली आले. मी सांगितलं. कोट कधी लावला, दौलत काय म्हणाला, मी काय म्हटलं, आणि दुसऱ्यांदा तो काय म्हणाला तेही. गॅलरीतल्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगितलं. पंचांगाचं वाक्यही सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "अहो, पण हे सगळ्यांसमोर सांगायलाच हवं होतं का? आपण अंतराबाईंना बाजूला घेऊन..." मी म्हटलं, "त्याला मी सगळ्यांसमोरच गप्प केलं होतं, काका."

पहिल्या मजल्यावरून मंदाकिनीबाई ओरडल्या, "त्या टेकूला हात लावाल तर लाटणं घेऊन खाली येईन." त्यानंतर कोणी लावला नाही.

अंतराला मीच फोन केला. ती अकराला आली, मागच्या खांबावर हातोडी फिरवली. रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. दोन्ही खांब पुन्हा फोडायचे म्हणाली, आणि काम होताना कोट कोण लावतोय ते मी बघणार. तुमच्या रजिस्टरवर माझा विश्वास नाही, असं ठेकेदाराला सांगितलं. मी म्हटलं, कोट दौलत लावेल. ठेकेदार म्हणाला, त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. तीन वर्षं हाताखाली असलेल्या माणसाचा.

पत्ता समोरच्या चहावाल्या सरोजबाईंकडे होता. त्यांच्याकडे सगळ्यांचे असतात. कल्याणच्या नेतिवलीला, टेकडीच्या वर, पायऱ्या संपल्या की उजवीकडे. दुपारी पोचले. दौलत दारात बसून कोणाच्यातरी मिक्सरची वायर जोडत होता. आठ दिवस खांब नाही तर वायरी. मला बघून उठला, आतून स्टूल आणलं. मी बसले नाही. म्हटलं, चूक माझी होती, आज सगळ्यांसमोर सांगून आलेय, काम पुन्हा करायचंय, याल का?

तो म्हणाला, दोन्ही करावे लागतील, मागचा बी. मी म्हटलं, माहीत आहे. मग मी तो प्रश्न विचारला जो मी विचारायला नको होता. तुम्हाला माहीत होतं तर शुक्रवारी काढलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?

तो वायर गुंडाळत राहिला. म्हणाला, "बोललो होतो की ताई. तुम्ही हसवलं."

रत्नू, मग मी त्या स्टुलावर बसले.

यायला तो लगेच तयार झाला नाही. बायकोने आतून विचारलं, तिथं परत कशाला. मग त्याने अट घातली. कोट लागल्यावर इमारतीतलं कोणी खाली यायचं नाही. मी म्हटलं, मीसुद्धा? तो म्हणाला, तुम्ही तर नाहीच.

खांब मंगळवारपासून फोडायला घेतले. छिन्नी लावली की पॉलिमरचा तो सुंदर थर पत्र्यासारखा सुटून यायचा, हाताएवढे तुकडे. त्यातला एक प्रभाकरकाकांनी शोकेसमधे ठेवायला मागितला. काल शनिवारी कोट लागला. मुहूर्त नव्हता, नारळ नव्हता, विनीतला कोणी कळवलं नाही. मी गॅलरीत उभी होते, तेवढी परवानगी होती. सव्वानऊला पुढच्याला कोट, लगेच मागोमाग माल, तो संपल्यावर मगच मागच्याला. दौलत एकदाही घड्याळाकडे बघत नव्हता. मधूनमधून कोटाला करंगळी लावायचा आणि बोट वर उचलून बघायचा, तार निघते का. अंतरा शेजारी उभी राहून तेच करत होती. मंदाकिनीबाईंनी मधेच विचारलं, पोळ्या लाटू का थांबू, खांबाला त्रास होईल? अंतराने वर बघून सांगितलं, लाटा.

टेकू आता ५ एप्रिलला निघतील. दाखला मार्चअखेर मिळणार नाही. पालिकेकडे महिन्याची मुदतवाढ मागितली आहे, अर्ज मी लिहिला, कारणही खरं लिहिलं. देतील की नाही माहीत नाही. नाही दिली तर सोळा बिऱ्हाडांच्या शिव्या मला, आणि त्या योग्य पत्त्यावर जातील.

काल काम आटोपल्यावर मी दौलतला त्याचं पूर्ण नाव विचारलं. कशाला म्हणाला. मी म्हटलं, लागतं. त्याने सांगितलं, मी दोनदा विचारून नीट ऐकून घेतलं.

आज दुपारी सोसायटीची इतिवृत्ताची वही काढली. १ फेब्रुवारीचं पान माझ्याच अक्षरात आहे. त्यात विनीतचं नाव चार वेळा, माझं दोनदा, आणि 'कार्यक्रम उत्साहात पार पडला.' खाली तीन ओळी रिकाम्या होत्या. त्यात आजची तारीख घालून लिहिलं:

'सदर दिवशी दौलत लिंबाजी साबळे, मिस्त्री, यांनी कोट वाळण्याआधी माल लावावा असे दोन वेळा सांगितले. सेक्रेटरींनी ऐकले नाही.'

सही केली, शाई वाळू दिली आणि वही कपाटात ठेवली. कोणाला दाखवली नाही.

तुझी
रसिका